आठ डोळ्यांचं गिऱ्हाईक

"तुमच्याकडचं सगळ्यात मोठं दाखवणारं भिंग द्या," असं म्हणत त्यानं एक पारदर्शक डबी काउंटरवर ठेवली.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंग मागायला येतात ते बहुतेक आजोबाच. हा तरुण होता, नखांत माती होती आणि भलताच घाईत होता.

"काय वाचायचंय?"

"वाचायचं नाही. पिल्लू जेवलं का, ते बघायचंय."

भिंगातून डबीत पाहिलं आणि मी मागेच सरकले. तिळाएवढा कोळी… तोही दचकला, मग अंग वळवून मलाच न्याहाळू लागला. पुढचे दोन डोळे केवढे टपोरे!

"हा जाळ्यात बसून राहत नाही. उडी मारून शिकार करतो," तो सांगू लागला. त्याची रोपवाटिका होती. तिथे गुलाबाच्या पानाआड मादीनं अंडी घातली होती, आणि आता त्याच्या खोलीत पिल्लांच्या डब्याच डब्या झाल्या होत्या.

"डोळे आठ आहेत," मी म्हणाले. "चष्मा लागला तर दिवाळं निघेल तुमचं."

तो खळखळून हसला आणि जाताना डबी माझ्याकडेच ठेवून गेला. "सांभाळून तर बघा. खायला चिलटं मी आणून देईन."

आईनं बजावलं, "घरात आणलंस तर तू बाहेर." म्हणून 'ठिपका' (हे नाव मीच ठेवलं) दुकानातच राहिला. रोपवाटिकावाला चिलटांची बाटली घेऊन येऊ लागला. ठिपका दबा धरायचा, आम्ही दोघं एकाच भिंगावर वाकायचो आणि डोकी आपटायची… 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही.

एका दुपारी पाहते तर झाकण अर्धवट उघडं आणि डबी रिकामी. मी फोन केला. तो धापा टाकत आला, शटर अर्धं ओढलं, आणि आम्ही गुडघ्यांवर बसून फ्रेमा, खोकी, फडकी सगळं पालथं घातलं. मला रडू फुटायला आलं.

"माझ्या हातून गेला रे—"

"हलू नकोस," तो कुजबुजला.

गिऱ्हाइकांच्या आरशावर ठिपका पुढचे पाय उंचावून आतल्या कोळ्याला धमकावत होता. मी अलगद बोट पुढे केलं. एक क्षण… आणि उडी, थेट माझ्या नखावर. रोपवाटिकावाल्यानं खाली डबी धरली. ठिपका आत गेला, तरी आमची बोटं तिथेच राहिली.

"एक सांगू?" तो डबीकडे बघत म्हणाला. "चिलटं… पिकलेलं केळं ठेवलं की कुठेही होतात. मी मुद्दाम बोललो नाही. यायला कारण उरलं नसतं."

"ठाऊक होतं मला. आमच्या स्वयंपाकघरात कधीची घोंघावतायत."

"मग बोलली का नाहीस?"

"तू यायचा थांबला असतास."

"आणि आता… नुसताच आलो तर?"

"तर रोज ये."

बाहेरून कुणीतरी शटर वाजवलं. "दुकान चालू आहे का?"

"थोडा वेळ नाही," मी म्हणाले आणि त्याचा हात घट्ट धरला.