चित्ता कोण म्हणतं?

पिंजऱ्याचं दार उघडायचा लोखंडी दांडा ठकीनं दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि व्यवस्थापकांना सांगितलं, की आज हे दार उघडायचं नाही. तिची धाकटी बहीण भुंगी आणि मावसभाऊ बांबू तिला खेटून उभे राहिले.

सुट्टीत तिघंही प्राणिबागेच्या आवारातच राहत होती. बांबूची आई तिथली प्राण्यांची डॉक्टर. ती बाहेरगावी गेली आणि नेमका तेव्हाच डोंगराकडून एक नवा प्राणी आला. आणणारा ड्रायव्हर म्हणाला, चित्ता. व्यवस्थापकांनी लगेच तशी पाटी रंगवून घेतली. कालपरवापर्यंत ते बागेतले पाळणे सांभाळायचे. प्राण्यांचा कारभार त्यांच्याकडे नुकताच आला होता. आता त्यांना पाहुण्यांसमोर चित्त्याला मोकळ्या आवारात सोडायचं होतं. आवाराला उंच भिंत होती, पण वर छप्पर नव्हतं, आणि भिंतीलगत एक सरळसोट झाड होतं.

पहिली शंका भुंगीला आली. चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असते, ती इथे नव्हतीच. मग बांबूनं ठिपके निरखले. चित्त्याचे ठिपके भरीव असतात. हे फुलांसारखे, मधे पोकळ होते. म्हणजे हा बिबट्या! त्यांनी ड्रायव्हरला गाठलं, तर तो म्हणाला, आमच्याकडे ठिपकेवाल्या सगळ्यांनाच चित्ता म्हणतात. तेव्हा ठकीनं धावत जाऊन मावशीचा जाडजूड शब्दकोश उघडला होता.

आता दारापाशी व्यवस्थापकांनी तिघांना मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका म्हणून दटावलं. ठकी हलली नाही.

“चित्ता हा शब्द ‘चित्रक’वरून आलाय, काका. चित्रक म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. ड्रायव्हरकाका खोटं बोलले नाहीत. त्यांनी ठिपके सांगितले, प्राणी नाही सांगितला.”

“बरं मग? काय फरक पडतो?”

“चित्त्याला सरळ खोडावर चढणं जमत नाही. बिबट्याला जमतं. आणि भिंतीपलीकडे माणसं उभी आहेत.”

व्यवस्थापकांनी रखवालदाराला हाक मारून मुलांना बाहेर काढायला सांगितलं. तेव्हा बांबूनं पैज लावली. छपराच्या या बंद पिंजऱ्यात उभा ओंडका आहे, त्याच्या टोकाशी वरून मांस टांगा. तो चढला नाही, तर आम्ही लाउडस्पीकरवरून सगळ्यांची माफी मागू. व्यवस्थापकांना ही कल्पना फारच आवडली. त्यांनी हसतहसत मांस टांगायला लावलं.

प्राण्यानं एकदा वर पाहिलं. नखं खोडात रुतल्याचा करकर आवाज झाला आणि पापणी लवायच्या आत तो छपराला भिडला.

व्यवस्थापकांचं हसू तिथेच मावळलं. त्यांनी स्वतः दाराला कुलूप घातलं आणि कुरकुरणाऱ्या पाहुण्यांसमोर जाऊन सांगितलं, की चूक माझी होती, या तीन मुलांनी मला अडवलं म्हणून आज आपण सगळे सुखरूप आहोत.

संध्याकाळी मावशी परतली. सगळं ऐकून तिनं आधी पिंजऱ्याचं कुलूप ओढून पाहिलं. आपण ओरडा खाणार, असं तिघांनाही वाटलं.

“ते माझे साहेब आहेत,” ती वळून म्हणाली. “ते माझ्यावर रागावले असते, तर मीसुद्धा कदाचित बाजूला झाले असते. तुम्ही झाला नाहीत.”

आणि तिनं तिघांनाही जवळ ओढलं.