गळालेले कंस

कर्जात बुडालेला गोंदाचा कारखाना गुंतवणूक संस्थेच्या ‘निर्धोक’ कंपन्यांच्या यादीत सातव्या क्रमांकावर सापडला, तोवर परिचारिकांच्या निवृत्तिनिधीतला मोठा हिस्सा त्याच्या समभागांत जाऊन बसला होता. सकाळी कारखान्याला टाळे लागले. ती यादी काढणाऱ्या विश्लेषक मुलीवर लेखी ठपका ठेवून तिला चार वाजता बडतर्फ करायचे ठरले. बडतर्फीचा शेरा पडला की या व्यवसायाची दारे तिला कायमची बंद.

बाहेरून बोलावलेल्या तपासनीस बाई अडीचला आल्या. काचेच्या दालनात माणसे मत्स्यालयातल्या माशांसारखी तोंडे हलवत होती. विचाराचा एक बुडबुडाही वर येत नव्हता.

“कंपन्या निवडणाऱ्या चाळणीचं सूत्र कुणी लिहिलं?”

“मी,” मुलगी म्हणाली. “कर्ज कमी, आणि पुढे कंसात नफा वाढता किंवा विक्री वाढती. आता कंसच नाहीत. मी नाही हो काढले!”

बाईंनी पडद्यावर बोट टेकले. “कंस गेले की यंत्र ‘आणि’ आधी जोडतं. ‘किंवा’ मोकाट सुटतो. मग विक्री वाढती असली की झालं, गळ्यापर्यंत कर्ज असलेलाही आत.”

“बदल शुक्रवारी झालाय. तिच्याच परवलीच्या शब्दाने,” विभागप्रमुख म्हणाले. त्यांच्या आवाजालाही इस्त्री होती.

“सगळ्यांचे परवलीचे शब्द कुठे असतात?”

“वहीत. माझ्या खणात. कुणी रजेवर गेलं तर काम अडायला नको.”

“वा! घराला कुलूप आणि किल्ली दारावरच टांगलेली.”

प्रमुख हसले. हसणे त्यांना परवडत होते.

“तुम्ही सूत्र उघडलंत का? तेव्हा किंवा नंतर?”

“छे! मला छापील कागद येतो. त्यावर पंधरा नावं, खाली माझी सही. सूत्रात डोकं घालायला माणसं ठेवलीत ना? पोरीने वेंधळेपणा केला, चारशे बारा कंपन्या भसाभसा आत घुसल्या, आणि निस्तरायचं आम्ही!”

 बाईंनी कारखान्याच्या भागधारकांची शुक्रवारपर्यंतची यादी चाळली, मग सूत्राची शेवटची ओळ पुसून ते पुन्हा चालवले. आकडा उमटताच त्यांनी पडदा स्वतःकडे वळवला आणि संस्थेच्या मालकीणबाईंना बोलावून घेतले.

“चूक झाली असती, तर यादी फुगली असती,” तपासनीस बाई म्हणाल्या. “कंस विसरणाऱ्याला फुगवटा लपवायचं सुचत नाही. इथे मात्र कंस काढून शिवाय शेवटी एक ओळ घातलीय: विक्रीवाढीच्या क्रमाने फक्त पहिली पंधरा नावं दाखव. म्हणजे कागद नेहमीसारखाच दिसावा. हा वेंधळेपणा नव्हे.”

“मग तिनंच मुद्दाम केलं असेल!” प्रमुख गरजले.

“ती ओळ पुसल्यावर किती कंपन्या निघतात, पाहा.” त्यांनी पडदा फिरवला. चारशे बारा. “हा आकडा छापील कागदावर कुठेच नाही. मीही तो आत्ताच, तुम्ही बोलल्यानंतर पाहिला. सूत्र कधीच न उघडणाऱ्या माणसाला तो कसा ठाऊक?”

बाईंनी भागधारकांची यादी प्रमुखांसमोर ठेवली.

“शुक्रवारी तुम्ही वहीतून तिचा परवलीचा शब्द घेतलात, कंस काढलेत, तेव्हा हा लोंढा पाहून दचकलात आणि मग बांध घातलात. शुक्रवारपर्यंतच्या या यादीत तुमचे मेव्हणे पहिल्याच पानावर आहेत; नातं तुम्हीच संस्थेला लिहून दिलंय. बुडत्या कारखान्यातून त्यांना बाहेर काढायला कुणीतरी गिऱ्हाईक हवं होतं. तो कारखाना तुम्ही परिचारिकांच्या म्हातारपणाच्या गळ्यात बांधलात.”

“तो... पैसे परत करणार होता,” प्रमुख पुटपुटले. इस्त्री पार मोडली होती.

“आणि हिची नोकरी? तीही तोच परत करणार होता?” बाईंनी त्यांच्याकडे पाहणे थांबवले, तेवढीही किंमत त्यांना द्यावी असे वाटले नाही.

सुरक्षारक्षक त्यांना घेऊन गेला. मालकीणबाईंनी घसा खाकरला. “गैरसमज झाला गं. चल, बस कामाला.”

मुलगी उभीच राहिली.

“बसते, मॅडम. आधी तो गैरसमज होता, हे लेखी द्या. ठपका लेखीच ठेवला होतात ना?”

मालकीणबाईंनी तपासनीस बाईंकडे पाहिले. बाईंनी आपले पेन टोपण काढून मालकीणबाईंपुढे सरकवले.