आजोबांची कूस

आजोबांना काही लागलं नव्हतं, की ते कुठं धडपडलेही नव्हते. अर्धांगवायू (शरीराची एक बाजू लुळी पडणं) झाल्यापासून ते शुश्रूषागृहातल्या खाटेवर नुसते पडून होते. मग माकडहाडावरची कातडी एवढी गरम आणि टणक का लागत होती? सावळ्या अंगावर डागही दिसत नव्हता. वेळीच सांभाळलं नाही तर तिथं खोल जखम होईल, असं नर्स त्यांच्या नातीला, शार्विलीला, म्हणाल्या.

आजोबांचं सगळं शेवंतामावशी करायच्या. शेजारच्या खोलीत आज त्यांचा रुग्णसेवा शिकायचा वर्ग होता. शिकवणारा यंत्रमानव चक्क पेशंट होऊन पलंगावर आडवा झाला होता. झोपल्या झोपल्या हुकूम सोडतो, म्हणून मावशींनी त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं होतं.

शार्विलीनं आपलं कोडं त्यालाच घातलं. त्यानं तिला अंगठ्याचं नख दाबून सोडायला सांगितलं. नख आधी पांढरं पडलं, मग गुलाबी झालं.

"दाबलं की रक्त बाजूला सरतं," भाऊसाहेब म्हणाला. "हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी अशीच चेपते. तिथल्या केशवाहिन्या (केसाहून बारीक रक्तवाहिन्या) मिटतात आणि आतल्या पेशी उपाशी राहतात. तू झोपेत नकळत कूस बदलतेस. आजोबांना ते जमत नाही."

मावशींनी मान खाली घातली. आजोबांचा डोळा लागला की झोपमोड नको, म्हणून त्या दुपारभर त्यांना हात लावत नसत. उलट दार लोटून घेत.

"माझ्यामुळंच झालं की हे," त्या पुटपुटल्या.

"मायेपोटी झालं," भाऊसाहेब म्हणाला. "तीच माया आता दर दोन तासांनी करायची. या, आधी मला वळवा."

मावशींनी त्याला ओढलं, तसा त्याच्या पाठीतला दिवा लाल झाला. ओढलं की कातडी घासते, चादरीसकट उचलून वळवायचं, असं त्यानं समजावलं. तिसऱ्या खेपेला दिवा हिरवा झाला.

चार वाजता आजोबा घोरत होते. "आजोबा, वळवते हं," असं मावशी त्यांच्या कानाशी म्हणाल्या आणि त्यांनी नर्ससोबत चादर धरून त्यांना अलगद कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली. घोरणं थांबलं. मावशी श्वास रोखून उभ्या राहिल्या. मग ते पुन्हा सुरू झालं आणि शार्विलीला हसू फुटलं.

आठवड्याभरात ती जागा पुन्हा मऊ लागू लागली. शार्विलीनं वहीत आपोआप कूस बदलणाऱ्या गादीचं चित्र काढून मावशींना दाखवलं.

"छान आहे," मावशी म्हणाल्या. "पण वळवायच्या आधी ती त्यांना सांगेल का गं?"

शार्विलीनं पेन्सिल उचलली आणि गादीच्या तोंडी लिहिलं, 'आजोबा, वळवते हं.'