टोपलीभर माती

हसायचं तर खुशाल हसा. मीही हसायचो. पण ही माझ्या आईची गोष्ट आहे, आणि आईनं मला थापा मारल्याचं मला तरी आठवत नाही.

साल एकोणीसशे त्रेसष्ट. पांढरकवड्यापासून दोन कोसांवरचं आमचं गाव. वैशाख महिना.

आई, म्हणजे इंदुताई, सहा महिन्यांची पोटुशी होती. माझ्या आधीची दोन लेकरं जुन्या घरातल्या एकाच खोलीत गेली होती. म्हणून तिनं बाबांना बजावलं होतं, तिसरं बाळंतपण या घरात होणार नाही. नवं घर बांधा, नाहीतर मी बाभळीखाली बाळंत होते.

बाबांनी पांदणीलगतची शेताची पट्टी निवडली आणि जागा पाहायला डोमाजी कोलामाला बोलावलं. आमच्याकडे रीतच तशी. कोलाम म्हणजे रानातले आदिवासी, जमिनीचं त्यांना कळतं.

डोमाजीनं सांजेला हातभर खड्डा खणला आणि निघालेली माती परत त्यातच लोटली. सकाळी माती वर उरली, तर जागा चांगली. खाली बसली, तर जागा उपाशी... तिथं घर बांधायचं नाही.

आईला कुठला धीर! झुंजुमुंजू होताच ती एकटी जाऊन पाहून आली.

माती वीतभर खाली गेली होती.

दुसरी बाई असती तर रडत परतली असती. आईनं बांधावरून टोपलीभर माती आणली, खड्ड्यात ओतली, पायानं दाबली, वर चांगला उंचवटा केला आणि काही झालंच नाही अशी घरी येऊन चुलीपाशी बसली.

डोमाजीनं तो उंचवटा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग मान डोलावली.

पाया खणायला सुरुवात झाली.

पहिल्या दिवशी कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. एकट्या आईला दिसलं... तिथं मुंगी नव्हती. एकसुद्धा. भाकरीचा चुरा सांडला तर तसाच पडून होता.

दुसऱ्या दिवशी चरात दगड-मुरूम भरून ठोकून बसवला. सकाळी पाहतात तो सगळा वीतभर खाली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा भरला. वर पाणी मारलं. आणि खालून आवाज आला...

घट्.

कोणीतरी घोट गिळावा तसा.

गड्यांनी टिकास-फावडी उचलली आणि घरची वाट धरली. बाबा चिडले. काळी जमीन आहे, पाणी पिणारच, म्हणाले.

आईनं टोपलीचं नाव काढलं नाही. खरं सांगितलं असतं तर घराचं काम तिथंच थांबलं असतं.

चौथ्या दिवशी भर दुपारी ती बाबांची भाकर घेऊन गेली. बाबा नवे गडी शोधायला गेलेले. शिवारात चिटपाखरू नव्हतं.

सकाळपासून मी पोटात लाथा मारत होतो. आईनं डोमाजीच्या खड्ड्याच्या जागेवर पाय ठेवला...

आणि मी थांबलो.

तिनं पोटावर हात दाबला. काहीच नाही.

मग तळपायाला लाथ लागली.

खालून... मातीतून.

एक. थोडं थांबून दुसरी. पोटात लागायची तशीच, हलकी.

ती धावत कोलामांच्या पोडावर, त्यांच्या वस्तीवर गेली. डोमाजी बांबूचा तट्टा विणत बसला होता. त्याच्यापुढं तिनं सगळं सांगून टाकलं.

डोमाजीचा हात थांबला.

"उपाशी जागेले तू आपल्या हातानं घास देल्ला, बाई," तो म्हणाला. "आता तुह्याच हातानं काढ. दिवस बुडाच्या आत. पुरी टोपली."

ती तशीच परतली. बांधावर पडलेली तीच टोपली घेतली. नखांनी माती उकरली. बोटं रक्ताळली. टोपली भरत आली... आणि मी पोटात हललो.

घर तिथं झालं नाही. मी जुन्या घरात, त्याच खोलीत जन्मलो. आणि जगलो. बारशाला डोमाजी आला होता. टोपली पुरी भरली होती ना, असं त्यानं हळूच विचारलं. आई हो म्हणाली.

मला मात्र तिनं गेल्या वर्षी खरं सांगितलं. मी हललो तशी ती उठून पळाली होती. टोपली मूठभर कमीच होती.

आई आता पंच्याऐंशीच्या पुढं गेली आहे. मी साठी ओलांडली. तरीही मी कुठं उघड्या जमिनीवर बसलो, की ती हातातलं काम टाकते.

"ऊठ बरं तेथून, बापू."

मी उठतो. हल्ली तर तिनं सांगायच्या आधीच उठतो.