विकीसाठी केलेली पानं

पावसाळी, कळकट दुपार होती. मालाडच्या आमच्या छोट्या ऑफिसात मढचा एक कोळी तरुण आला – विकी. त्याच्या आईच्या मासळीच्या धंद्यासाठी मी वेबसाइट बनवत होते. मजकूर तपासून घ्या, असं मी सांगितलं. त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "झकास."

पण पहिल्याच ओळीत पापलेटच्या जागी माझ्याकडून ‘बोंबील’ लिहिलं गेलं होतं. ते दाखवल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"शब्द चिकटतात एकमेकांना... लहानपणापासून," तो नजर चुकवत म्हणाला. अकरावीला नापास होऊन त्याने शिक्षण सोडलं होतं.

मला काय सुचलं कोण जाणे, मी पानाच्या कोडमध्ये दोन शब्दांमधलं अंतर वाढवलं. जरासं... आणखी जरासं. त्याचं बोट ओळीखालून सरकू लागलं. अख्खी ओळ त्याने न अडखळता वाचली. मग माझ्याकडे वळला.

"एवढंच करायचं होतं?"

मी पुढच्या ओळीतलंही अंतर वाढवलं.

त्यानंतर तो दर शनिवारी येऊ लागला. जहाजावरच्या नोकरीची लेखी परीक्षा त्याला द्यायची होती. मी त्याचा अभ्यास टाइप करून, शब्द सुटे सुटे ठेवून, मोबाइलवर वाचता येतील अशी पानं बनवली. अडलं की तो फोन करायचा. पुढे पुढे न अडताही करू लागला... बोरीवलीच्या घरी पोळ्या लाटताना मी त्याचं वाचन ऐकायचे. आई विचारायची, कोण गं हा? मी म्हणायचे, कस्टमर.

विकी पास झाला. नऊ महिन्यांसाठी जहाज मिळालं. नेमणुकीचं पत्र त्याने आईला स्वतः वाचून दाखवलं, तेव्हा ती रडली म्हणे.

जायच्या दिवशी त्याने मला मढच्या जेट्टीवर बोलावलं. आभाळ काळवंडलेलं, ओहोटीचा चिखल, वर्सोव्याची फेरीबोट सुटायला आलेली.

"संघमित्रा, थांब म्हण ना... थांबतो मी."

ओठांवर आलं होतं.

"मला आवडतोस तू," मी म्हणाले. "म्हणूनच जा."

"परत येईन तेव्हा असशील ना?"

मी हो म्हणाले. घरी माझ्यासाठी स्थळं बघायला लागलेत, हे त्याला सांगितलं नाही.

बोट पलीकडे लागेपर्यंत मी उभी होते. तो वळला नाही – किंवा वळलाही असेल, पण इतक्या लांबून मला दिसलं नाही.