कातळगडावरची आंबील

सूर्योदयाला कातळगडाच्या उत्तर कड्याखाली तिसरा जासूद मारला गेला. मोगली मोर्चातून त्याचं मुंडासं भाल्यावर चढवून गडाला दाखवण्यात आलं.

गडावर दाणा आठवड्यापुरता उरला होता. घाटाखालच्या आपल्या फौजेला खबर पोहोचली तरच वेढा उठणार होता. आणि जासूद कधी, कोणत्या वाटेनं उतरणार हे तिघांनाच ठाऊक असे: किल्लेदार हैबतराव निगडे, त्यांचे धाकटे बंधू सरनौबत सुभानजी आणि तटाचे नाईक, वृद्ध रायाजी धुमाळ.

मीठ महिन्यापूर्वीच संपलं होतं. देवीच्या नैवेद्यासाठी हैबतरावांच्या पत्नी गुणवंताबाईंनी एक खडा तेवढा झाकून ठेवला होता. हैबतरावांनी तो मागितला. देवीला काय सांगू, असं बाईंनी विचारलं. उसना नेलाय म्हणा, ते म्हणाले.

न्याहारीला त्यांनी दोघांना सदरेवर बोलावलं. पुढ्यात नाचणीच्या आंबिलीचे वाडगे आले. रायाजींनी पहिला घोट घेतला आणि ते थबकले. दुसरा घोट त्यांनी तोंडात धरून ठेवला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. सुभानजी मात्र पुढच्या जासुदाला कोणत्या कड्यानं उतरवावं हे सांगत सांगत वाडगा रिकामा करून मोकळा झाला.

"सुभानजी, आंबील कशी झाली?"

"नेहमीसारखीच, दादासाहेब."

रायाजींनी वाडगा खाली ठेवला. हैबतराव भावाकडे वळले.

"महिनाभर या गडावर कुणाच्या जिभेला मीठ लागलं नाही. आज लागलं, आणि तुला कळलंही नाही. जेवायला कुठं जातोस?"

सुभानजीनं नाकारलं नाही. चोरदिंडीतून तो मोगलांच्या छावणीत उतरत होता. गड पडणारच, निदान घरातली माणसं तरी वाचवावीत, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पूर्व बुरुजावर पांढरी चादर दिसली, तर आज कुणी उतरत नाही असं समजून खालचा दबा उठतो, हेही त्यानं सांगितलं.

"हे तरी खरं कशावरून?" रायाजींनी विचारलं.

ज्याला आता उतरायचं होतं तो जासूद, तुका खोमणे, दाराशी उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "सरकार, आमच्या दोघांच्या कमरंला एकच दोर बांधा. सरनौबत म्होरं, मी मागं. खोटं निघालं तर आधी त्यांनाच कळंल."

सुभानजीनं मान खाली घातली आणि अंगरख्याचे बंद सोडून कंबर पुढे केली. दोराची गाठ हैबतरावांनी स्वतःच्या हातानं मारली. समोरच्या डोंगरावर जो पोहोचेल त्यानं धूर करावा, दोघे पोहोचले तर दोन धूर, असं ठरलं. मावळतीला चादर बुरुजावर चढली आणि दोघे कड्यावरून उतरले. खाली कुठं दिवटी हलली नाही, ओरडा उठला नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तेव्हा समोरच्या डोंगरावर धूर दिसला. गुणवंताबाई तटावर आल्या. रायाजींनी कपाळावर हात धरून पुन्हा पुन्हा पाहिलं.

धूर एकच होता.