बोनेटवरचं मांजर

"थांबा! आधी पाय पसरून बघते, मग बोला," असं म्हणत कडूबाई सगळ्यांदेखत पिकअपच्या हौद्यात चढली आणि चक्क आडवी झाली!

पिंगळी स्टेशनजवळच्या जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर हशा पिकला. मालक भुजंगराव तर पोट धरून हसले. "वहिनी, गाडी घ्यायलाव का पलंग?"

"दोन्ही! जत्रंत मुक्काम पडला तर आमी निजायचं कुठं? फडावरल्या पाचटाच्या कोपीपरीस बरी हाय. वर ताडपत्री टाकली की झालं घर."

शिवकन्याला मात्र हसू येईना. कडूबाईची ही लेक सकाळपासून एका जागी उभी राहिली नव्हती. दरवर्षी दिवाळी सरली की मुकादमाचा ट्रक यायचा, आणि आई-अप्पांबरोबर ती नि धाकटा पप्पू ऊसतोडीला निघायचे. शाळा मागे राहायची. यंदा अप्पांनी, म्हणजे वैजीनाथनं, रसवंतीचा गाडा बनवून घेतला होता. "जन्मभर ऊस तोडला, आता पिळू!" ते म्हणायचे. जत्रा करायच्या त्या आसपासच्याच, म्हणजे शाळा बुडायला नको. फक्त गाडा ओढायला एक दणकट डिझेल पिकअप हवी होती. ती पहिल्याच जत्रेत बंद पडली, तर पुन्हा मुकादमाचा ट्रक होताच.

पत्र्याच्या शेडखाली उभ्या त्या पिकअपच्या बोनेटवर एक पिवळं मांजर अंगाची गुंडाळी करून झोपलं होतं. शिवकन्यानं त्याला गोंजारलं, तिचा हात बोनेटला लागला आणि तिथेच थबकला.

"पंधरा दिवस झाले, हिला चावीसुदिक लावली न्हाई," भुजंगराव सांगत होते. "आन् आता बघा!"

घर्रर्र! एका दमात गाडी चालू! मांजर उडी मारून पळालं. वैजीनाथचा चेहरा उजळला.

"अप्पा, बोनेट आधीच गरम होतं!" शिवकन्या म्हणाली.

"उन्हानं तापलं असंल."

"पत्र्याखाली ऊन कुठलं, मामा?" दिवाळीच्या सुट्टीत परभणीहून आलेली आतेबहीण ऋतिका म्हणाली. "आणि एवढ्या गाड्या सोडून मांजर हिच्यावरच का झोपलं?"

"मांजराचीच ऊब लागली असंल," भुजंगराव घाईनं म्हणाले.

"अख्ख्या बोनेटला?" पप्पूनं डोळे मोठे केले. "मांजर हाय का म्हैस?"

"गप रे! मोठ्या माणसांत बोलू न्हाई," वैजीनाथनं दटावलं. "भुजंगराव, उद्या सकाळी नऊला विसाराचे पैसे घेऊन येतो."

शिवकन्याच्या पायांना मात्र कुठला धीर! ती गाडीभोवती फिरत राहिली. मागचा हुक कोरा करकरीत होता, रंगसुद्धा उडाला नव्हता. पुढचा हुक मात्र घासून घासून चकाकत होता. तिनं उसाच्या फडात चिखलात रुतलेले ट्रक पाहिले होते. दोर बांधायचा पुढच्या हुकाला आणि ओढायला असायचा ट्रॅक्टर. तिनं वळून पाहिलं. पलीकडं ट्रॅक्टर उभा होता, आणि त्याच्या सीटवर जाडजूड दोराचं वेटोळं!

"ऋतिका," ती कुजबुजली, "ही गाडी कुणाला ओढत न्हाई. हिलाच रोज ओढून चालू करायलेत, म्हंजी गिऱ्हाईक येईस्तोवर इंजन गरम!"

"मग उद्या नऊच्या आधीही ओढतील!"

"दोर असंल तर ना!" पप्पू म्हणाला.

रात्री शिवकन्या आईजवळ सरकली. "माय, उद्या अप्पांना उजाडताच घेऊन ये. नऊला नको. एकडाव माझं ऐक."

कडूबाईनं तिच्याकडं पाहिलं. फडावर या पोरीला ती दरवर्षी पहाटं उठवायची, आणि पोर कधी कुरकुरली नव्हती. "येते," ती एवढंच म्हणाली.

सकाळी धुकं अजून रुळांवर लोळत होतं, तेव्हा भुजंगराव अड्ड्यावर आले आणि जागीच थिजले. दाराशेजारच्या कडुलिंबाला झोका बांधलेला! झोक्यावर पप्पू! शिवकन्या नि ऋतिका झोके देत होत्या.

"ए पोट्ट्या! उतर खाली! दोर हाय तो माझा!"

"देतो की काका! पण गाठ लय पक्की बसलीय. एवढ्या सकाळी दोर कामून पायजे?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "राम राम, भुजंगराव!" वैजीनाथ आणि कडूबाई दारात उभे होते. भुजंगराव गर्रकन वळले.

"नऊला येणार होता ना तुमी?"

"बाईमाणसाचा हट्ट," वैजीनाथ ओशाळून म्हणाला. "सेल्फ मारा बरं एकदा."

शिवकन्यानं बोनेटवर हात ठेवला. गारढोण! मांजरसुद्धा आज शेजारच्या पोत्यावर झोपलं होतं.

कुर्र... कुर्र... कुर्र... गाडी ढिम्म! भुजंगरावांना त्या थंडीत घाम फुटला.

झोक्यावरून पप्पूनं अगदी गोड आवाजात विचारलं, "काका, दोर सोडू का?"

वैजीनाथनं झोक्याकडं पाहिलं, ट्रॅक्टरकडं पाहिलं, शेवटी चकाकणाऱ्या पुढच्या हुकाकडं पाहिलं. "आसं हाय व्हय! नवरीला रोज उचलून बोहल्यावर न्यायलाव तुमी!"

भुजंगराव मान खाली घालून चपलेनं माती उकरू लागले.

"तिकडची दावा," कडूबाईनं कोपऱ्यातली पोचे पडलेली पिकअप दाखवली. तिच्या बोनेटवर दव साचलं होतं. कुर्र... कुर्र... घर्रर्र! काळपट धूर सोडून ती धडधडू लागली. पण आता वैजीनाथ शहाणा झाला होता. त्यानं बैल जुंपून घरून गाडा आणला, पिकअपला जोडला आणि रेल्वे पुलाचा चढ चढवून पाहिला, तेव्हा कुठं विसार दिला. कडूबाई पुन्हा हौद्यात आडवी झाली. "पाय आखडावे लागतील. पण झोप लागंल."

"वैजीनाथ," निघताना भुजंगराव म्हणाले, "लेकरं लय हुशार हायती तुझी. पुढच्या वेळी त्यान्ला घरीच ठेव!"

"उलट झालं, भुजंगराव. पुढच्या वेळी मीच घरी बसतो," वैजीनाथ म्हणाला, आणि त्यानं शिवकन्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी मुकादमाचा ट्रक गल्लीत येऊन हॉर्न वाजवू लागला. सवयीनं शिवकन्याचे पाय उंबऱ्याकडं वळलेसुद्धा. तेवढ्यात अंगणात पप्पूनं रसवंतीचं चाक गरकन फिरवलं. छुन छुन छुन! घुंगरू असे वाजले की हॉर्न ऐकूच येईना!

शिवकन्या हसत बाहेर आली. पोखर्णीच्या जत्रेसाठी गाडा जोडायचा होता. तिनं पिकअपच्या बोनेटवर हात ठेवून पाहिला. गार होतं. मग निश्चिंतपणे तिनं हाक मारली, "अप्पा, मारा सेल्फ!"